इन्हेलर सुरू करून ३ आठवडे झाले, फरकच नाही – सीओपीडीवाल्यांनी अनुभव लिहा प्लीज

पायवाट
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसतं वाचतोय, लिहायची पहिलीच वेळ, सांभाळून घ्या.

वय ६१. सिगरेट ३० वर्षं ओढली, रोजचं एक पाकीट तरी व्हायचं. सोडून ४ वर्षं झाली. मला वाटलं होतं सोडली म्हणजे सुटलो, पण उलट गेल्या दोनेक वर्षांत दम लागायचं प्रमाण वाढतच गेलं. आधी फक्त जिना चढताना, मग सपाट रस्त्यावर बोलत चालताना, आता तर आंघोळ करून अंग पुसेपर्यंत धाप लागते आणि पलंगाच्या कडेला बसून राहावं लागतं. सकाळचा खोकला आणि बेडका तर इतकी वर्षं आहे की तो मला आजार वाटायचाच नाही. घरच्यांनाही सवय झालेली, मी खोकलो की हे उठले एवढंच त्यांना कळायचं.

शेवटी बायकोने हट्ट धरला म्हणून छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती फुंकायची टेस्ट केली, पीएफटी. पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर पडायला हवी त्याच्या ४६ टक्केच पडतेय म्हणे. औषध देऊन परत फुंकायला लावलं तरी आकडा फारसा हलला नाही. निदान सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागायचा फुप्फुसाचा आजार. दोन औषधं दिलीत. एक कॅप्सूल घालून ओढायचं यंत्र, रोज सकाळी एकदा, आणि दुसरा तो दाबायचा निळा पंप, दम लागला तरच.

३ आठवडे झाले. खरं सांगायचं तर काहीही फरक नाही. पंपाने हात थरथरतात, छातीत धडधडतं, पण दम आहे तसाच. घरी येणारे जाणारे सगळे सांगतात की इन्हेलर म्हणजे शेवटचा उपाय, एकदा लागला की सुटत नाही. मग वाटतं की उपयोग होत नसेल तर सवय लागायच्या आत बंद करावा का. डॉक्टरांकडे परत जायला अजून महिना आहे.

ज्यांना हा आजार आहे त्यांनी खरं काय ते सांगा. माणूस यातून परत नीट चालू फिरू लागतो का? रात्री झोप येत नाही या विचाराने.

रातकिडा
माझ्या काकांना होता हा त्रास. पंप घेतला की बरं, नाही घेतला की परत तेच, मग दिवसातून दोनदाचे चारदा झाले, चाराचे आठ झाले. त्यामुळे सवय लागते हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मी तर म्हणेन श्वासाचे व्यायाम करा, रोज चाला, फुप्फुसं आपोआप मोकळी होतात. औषधाने शरीर आळशी होतं.

सांजवेळ
पायवाट काका, कृपा करून आपल्या मनाने बंद करू नका. आणि आधी एक सांगा, कॅप्सूल यंत्रात घालून ओढताय ना? राग मानू नका, मुद्दाम विचारतेय.

माझ्या आईला असंच कॅप्सूलवालं यंत्र दिलं होतं. दवाखान्यात गर्दी, चिठ्ठी हातात दिली, दुकानदाराने डबी आणि यंत्र पिशवीत घातलं आणि झालं. आई महिनाभर त्या कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होती! यंत्र तसंच कपाटात. कॅप्सूल म्हणजे गिळायची, तिच्या दृष्टीने साधी गोष्ट, तिचं काय चुकलं? महिन्याने आम्ही डॉक्टरांना सांगितलं की औषध लागू पडत नाहीये आणि त्यांनी औषध बदललं! तेव्हाही कुणी विचारलं नाही की घेता कसं ते दाखवा. दुसरं औषध गिळताना मी पाहिलं म्हणून कळलं. मला आजही आठवलं की पोटात कालवतं, तो सगळा महिना ती उशांना टेकून बसून झोपायची, आणि औषध घरात होतं.

दूरचा_दिवा
नऊ वर्षं झाली मला हा आजार होऊन, माझा आकडा तुमच्याहून खाली आहे, ३८. म्हणून थोडं लांबण लावून लिहितो, वाचा.

पहिलं सवयीचं. रातकिडा, तुमच्या काकांचं जे झालं ते खरं असणार, पण त्याचा अर्थ वेगळा आहे हो. आराम देणारा पंप दोनाचा आठ वेळा लागायला लागला तर ती सवय नाही, आजार वाढल्याची खूण आहे, की रोजचं टिकाऊ औषध एकतर मिळत नाहीये किंवा पोचत नाहीये. चष्म्याशिवाय दिसत नाही म्हणून आपण चष्म्याची सवय लागली म्हणतो का? सीओपीडीत नळ्या आणि फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांचं जे नुकसान झालंय ते भरून येत नाही, म्हणून औषध कायम लागतं.

आणि शेवटचा उपाय वगैरे म्हणणाऱ्यांना एक हिशोब सांगा. निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल गोळीतही मिळतं. गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम. गोळी पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगभर फिरून मग थोडी छातीत. पंप थेट नळीवर. मग जास्त 'जालीम' कोण?

आता दम म्हणजे काय ते मला कळायला स्वतःला दोन वर्षं लागली. आपल्याला वाटतं श्वास आत जात नाहीये. खरं उलटं असतं. श्वास बाहेर पडत नसतो. नळ्या सैल पडलेल्या असतात, उच्छ्वास करताना त्या मिटतात, हवा आत अडकते. त्या अडकलेल्या हवेवरच आपण पुढचा श्वास घेतो, तो सोडायच्या आत तिसरा घेतो, असं करत छाती फुगत जाते आणि वरच्या वर घेतलेल्या श्वासाला आत जागाच राहत नाही. चालताना हेच होतं कारण चालताना श्वास भरभर घेतला जातो आणि सोडायला वेळ कमी पडतो. तुमचं ते सकाळचं औषध नळीभोवतीचा स्नायू सैल करून ठेवतं म्हणजे ही अडकलेली हवा निघायला वाट मिळते. म्हणून पीएफटीचा आकडा फारसा हलला नाही तरी माणसाला चालायला बरं वाटू शकतं. आकड्याकडे बघून निराश होऊ नका.

नीट चालू फिरू लागतो का विचारलंत. मी रोज २५ मिनिटं चालतो. पूर्वीसारखं नाही. थांबत थांबत. पण चालतो.

गवतफूल
मी श्वसनाच्या आजारांच्या पुनर्वसनात फिजिओथेरपिस्ट आहे. औषध कुठलं, किती हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, त्यावर मी बोलणार नाही. पण पायवाट काका, माझं एक काम कराल? तुम्ही दोन्ही इन्हेलर कसे घेता ते अगदी हातात यंत्र उचलल्यापासून खाली ठेवेपर्यंत जसंच्या तसं इथे लिहा. बरोबर काय ते आठवून नको, आज सकाळी तुम्ही जे केलंत ते.

पायवाट
सर्वांचे आभार, एवढे प्रतिसाद बघून खरंच बरं वाटलं. सांजवेळ ताई, गिळत नाही, यंत्रातच घालतो :) तुमच्या आईचं वाचून मात्र वाईट वाटलं.

गवतफूल ताई, लिहितो. सकाळी त्या दिवसाची कॅप्सूल... म्हणजे कॅप्सूल मी रात्रीच यंत्रात भरून ठेवतो, सकाळी घाई नको म्हणून. सकाळी बाजूची बटणं दाबतो, नीट भोकं पडावीत म्हणून तीन चार वेळा दाबतो. मग यंत्र तोंडाला लावतो, त्यातच श्वास सोडतो पूर्ण, आणि मग हळूऽ हळू आत ओढतो, डॉक्टरांच्या मदतनीस मुलीने सांगितलेलं की सावकाश ओढा. मग यंत्र ठेवतो. कॅप्सूल दुसऱ्या दिवशी नवीन घालताना काढून टाकतो, त्यात पावडर असते कधीकधी.

पंप दम लागला की खिशातून काढतो, दाबतो आणि जोरात खस्सकन ओढतो. लगेच दुसरा. घशात कडू लागतं आणि खोकला येतो.

गवतफूल
काका, तुम्ही इतकं प्रामाणिकपणे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार, कारण मला वाटतं तुमचं उत्तर यातच आहे. तुम्ही दोन्हींची रीत उलटी करताय. पावडरचं हळू ओढताय आणि फवाऱ्याचं जोरात. हवं नेमकं याच्या विरुद्ध. बहुतेक त्या मुलीने तुम्हाला पंपाबद्दल सांगितलं असावं आणि तुमच्या डोक्यात दोन्हीला तेच बसलं. असे पेशंट मला दर आठवड्याला भेटतात, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

पावडरच्या यंत्रात ढकलणारं काहीच नसतं. तुमची ओढ हीच त्याची मोटर. हळू ओढलंत तर पावडर कॅप्सूलमध्येच राहते किंवा तिचे गठ्ठे सुटत नाहीत आणि जिभेवर, घशात बसते. म्हणून आधी यंत्र तोंडापासून लांब धरून श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, यंत्रात कधीच नाही, तोंडाची ओल गेली की पावडर चिकटते. मग ओठ घट्ट मिटून पहिल्या क्षणापासून जोर लावून, सलग आणि खोलवर ओढायचं. कॅप्सूल आत गरगर फिरल्याचा भुर्रर्र आवाज आला पाहिजे. तो आवाज तुमचा मास्तर. आवाज नाही तर औषध नाही. यंत्र काढून श्वास जमेल तेवढा रोखायचा, पाच ते दहा सेकंद. मग यंत्र उघडून कॅप्सूल बघायची, पावडर उरली असेल तर त्याच कॅप्सूलवर पुन्हा ओढायचं. बटणं एकदाच दाबायची, सारखी दाबली की कॅप्सूलचे तुकडे होऊन तोंडात येतात. आणि रात्री भरून ठेवणं आजपासून बंद. कॅप्सूल घ्यायच्या वेळीच पाकिटातून काढायची, कोरड्या हातांनी, ती हवेतली ओल पटकन ओढून घेते.

आता पंप. तो स्वतःच्या जोराने औषध फेकतो, फार वेगात. तुम्ही वर आणखी खस्सकन ओढलंत की सगळं घशाच्या मागच्या भिंतीवर आदळतं, म्हणून कडू लागतं. अगदी चांगल्या रीतीने घेतलं तरी नुसत्या पंपातलं साधारण १० ते २० टक्केच छातीत पोचतं, चुकीच्या रीतीने तर विचारायलाच नको. घशात बसलेलं गिळलं जातं, हाताची थरथर त्यानेही वाढते. म्हणजे दुष्परिणाम मिळतोय आणि गुण मिळत नाहीये, असं तुमचं चाललं असावं. रीत अशी की पंप हलवायचा, श्वास सोडायचा, मग सावकाश आत घ्यायला सुरुवात करून त्याच वेळी एकदा दाबायचं, चार पाच सेकंद ओढत राहायचं, दहा सेकंद रोखायचं. दुसरा दाब अर्ध्या एक मिनिटाने, परत हलवून. धाप लागलेली असताना हे साधणं अवघड असतं हे मला माहीत आहे, म्हणूनच डॉक्टरांना स्पेसरबद्दल विचारा. ती प्लास्टिकची पोकळ नळी. तिच्यात फवारा आधी मंदावतो, मोठे थेंब तिथेच बसतात आणि दाबणं आणि ओढणं एका क्षणात जुळवायची कसरत राहत नाही.

आणि महिनाभर थांबू नका. दोन्ही यंत्रं घेऊन जा आणि त्यांच्यासमोर घेऊन दाखवा. मी इथे फक्त वाचतेय, समोर बघणाऱ्याला आणखी काही दिसू शकतं.

दूरचा_दिवा
गवतफूल यांचा प्रतिसाद प्रिंट काढून भिंतीवर लावावा असा आहे. मला हे कुणी पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर! आमच्या वेळी कुणी बघितलंच नाही. मी वर्षभर पंप रिकामा झालाय हे न कळता ओढत होतो, कारण औषध संपलं तरी नुसता वायू फुस्स करून येतच राहतो. हल्ली बऱ्याच पंपांवर आकडा असतो तो बघत जा. पाण्यात टाकून तरंगतो का बघायची जुनी युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका, तिचा भरवसा नाही.

निळाई
धागा उघडल्यापासून लिहू की नको चाललं होतं. मी आयुष्यात एकदाही सिगरेट ओढलेली नाही आणि मला सीओपीडी आहे.

लहानपणापासून पुढची पंचवीस तीस वर्षं लाकडाच्या धुरात गेली, बंद खोलीत, डोळे चुरचुरेपर्यंत. पण दवाखान्यात पहिला प्रश्न धूम्रपान करता का, नाही म्हटलं की पेन पुढच्या रकान्यात. मला आधी अशक्तपणा सांगितला, मग वजन, मग मनाचं दुखणं. झोपेच्या गोळ्या सुद्धा घेतल्या मी. ५४ व्या वर्षी एका डॉक्टरांनी पीएफटी सांगितली तेव्हा निदान झालं, एक साधी फुंकायची टेस्ट, जिचं यंत्र म्हणे १८४६ पासून जगात आहे. ज्या बायकांना वर्षानुवर्षं धूर लागलाय, किंवा जे धुळीत, खाणीत, कापसाच्या तुसात काम करतात त्यांनी खोकला आणि दम अंगावर काढू नका, टेस्ट मागून घ्या. औषधानंतरचा एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा) आणि एफव्हीसी (पूर्ण फुंकून बाहेर पडलेली एकूण हवा) यांचा भागाकार ०.७० च्या खाली असेल तर अडथळा आहे असं धरतात, रिपोर्टवर तोच आधी बघा.

पायवाट दादा, आंघोळीचं माझंही तसंच होतं. मी आता बसून आंघोळ करते, पाणी फार गरम घेत नाही, आणि नंतर टॉवेल पाठीवर नुसता पांघरून पाच मिनिटं बसते, घासून पुसत नाही. हात डोक्याच्या वर गेले की दम जास्त लागतो. छोटी गोष्ट आहे पण रोजची आहे.

रातकिडा
मी वर जे लिहिलं ते काळजीपोटीच लिहिलं होतं, पण वाचून विचारात पडलो. काकांचा पंप त्यांनी नीट घेतला की नाही हे आमच्यापैकी कुणी बघितलंच नव्हतं. दूरचा_दिवा, तुम्ही म्हणता ते पटतंय.

आता खरं सांगतो. मी ४७ चा आहे आणि अजून ओढतो, दिवसाला १२-१५. गेल्या वर्षापासून सकाळचा खोकला सुरू झालाय. नुकसान भरून येतच नाही म्हणता, मग आता सोडून तरी काय मिळणार?

दूरचा_दिवा
रातकिडा, तुम्ही हे लिहिलंत याला धीर लागतो. मिळणार, आणि पुष्कळ मिळणार.

फुप्फुसाची ताकद वयाबरोबर सगळ्यांचीच उतरते. प्रश्न उताराच्या वेगाचा आहे. अमेरिकेत आणि कॅनडात हजारो ओढणाऱ्यांना ११ वर्षं तपासत राहिले होते. ज्या पुरुषांनी सोडली त्यांची पहिल्या सेकंदाची हवा वर्षाला साधारण ३० मिलीने कमी होत गेली, जे ओढत राहिले त्यांची ६६ मिलीने. दुप्पट वेग. म्हणजे गेलेलं परत येत नाही पण उरलेलं तुमच्याकडे किती वर्षं राहणार हे याच्यावर ठरतं. आणि उतार धीमा करण्यात सिगरेट सोडण्याची बरोबरी माझ्या इन्हेलरलाही येत नाही. ४७ व्या वर्षी मला हे कुणी कळकळीने सांगायला हवं होतं, मी ५६ व्या वर्षी सोडली.

नुसत्या निश्चयावर जाऊ नका, निकोटिनचे पॅच, गम, गोळ्या असतात, डॉक्टरांशी बोला. एकदा सुटली नाही तर परत. माझी चौथ्या खेपेला सुटली. आणि पीएफटी करून घ्या, आत्ताच.

अंगण
थोडं विषयांतर होईल. माझे बाबा ७३, सीओपीडी आहे, ते दम लागला की ऑक्सिजनच हवा म्हणतात. घरी मशीन आणलंय. बोटाला लावायच्या यंत्रावर ९३-९४ दिसतं तरी म्हणतात गुदमरतंय. मग मी वाढवून देतो. परवा फार झोपाळलेले वाटले दिवसभर. काही चुकतंय का?

गवतफूल
अंगण, हे विषयांतर नाही, आणि हे आजच करा: मशीन वाढवणं थांबवा आणि बाबांच्या डॉक्टरांना फोन करून ती झोप सांगा. सीओपीडीच्या काही पेशंटमध्ये ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त दिला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, माणूस सुस्त होतो, डोकं दुखतं, गोंधळतो. ज्यांना हा धोका असतो त्यांच्यासाठी ९८-९९ नव्हे, ८८ ते ९२ असं लक्ष्य ठेवतात. झोपेतून नीट उठत नसतील, बोलणं असंबद्ध वाटलं तर फोनवर थांबू नका, थेट तातडीच्या विभागात न्या, पण डॉक्टरांनी लिहून दिलेला ऑक्सिजन आपल्या मनाने एकदम बंदही करू नका.

दम आणि ऑक्सिजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दूरचा_दिवा यांनी लिहिलं तसं हवा अडकल्याने गुदमरतं, तेव्हा ९४ दिसत असतानाही माणूस खरंच गुदमरत असतो, तो नाटक करत नसतो. त्या क्षणी त्यांना पुढे वाकून कोपर टेबलावर टेकवायला सांगा, नाकाने आत घ्यायचा आणि ओठ शिट्टीसारखे करून सावकाश सोडायचा, घेण्याच्या दुप्पट वेळ सोडायला. ओठ अरुंद केले की आत थोडा दाब राहतो आणि नळ्या मिटत नाहीत. रातकिडा म्हणाले ते श्वासाचे व्यायाम खोटे नाहीत, पण ते औषधासोबत, औषधाऐवजी नाही. घरचा कायमचा ऑक्सिजन ज्यांचा विश्रांतीतही खूप खाली, साधारण ८८ किंवा त्याखाली राहतो त्यांना देतात आणि मग तो दिवसाचे किमान १५ तास घ्यावा लागतो. दम लागला की दहा मिनिटं, असा नाही.

अंगण
फोन केला. लगेच घेऊन या म्हणाले. निघतोय.

अंगण
बाबा तीन दिवस ॲडमिट होते, आज घरी आले. कार्बन डायऑक्साइड वाढलाच होता. आता मशीनच्या आकड्यावर डॉक्टरांनीच चिकटपट्टी लावून दिली आहे, त्याच्यावर जायचं नाही. गवतफूल ताई, काय बोलू. मी त्यांना बरं वाटावं म्हणून वाढवत होतो.

सांजवेळ
अंगण दादा, बाबा घरी आले हे वाचून खूप बरं वाटलं. स्वतःला दोष देऊ नका.

गवतफूल ताई, एक शंका. आईच्या आताच्या इन्हेलरमध्ये तिसरं औषध स्टेरॉइडही आहे, आणि जिभेवर पांढरे डाग येतायत, आवाज बसलाय. बंद करावं का?

गवतफूल
बंद नको, दाखवून घ्या. बहुतेक बुरशी असेल, त्यावर औषध असतं. प्रत्येक वेळी घेतल्यावर चूळ भरून, गुळण्या करून पाणी थुंकायचं, गिळायचं नाही. पेशंट बरेचदा याचाच कंटाळा करतात. स्टेरॉइड सगळ्यांना लागत नाही. वारंवार अटॅक, म्हणजे दम खोकला एकदम वाढणं, येत असतील आणि रक्तात इओसिनोफिल नावाच्या पेशी जास्त, म्हणजे ३०० किंवा वर असतील तर त्याचा फायदा चांगला होतो, १०० च्या खाली फारसा नाही, शिवाय न्यूमोनियाचा धोका थोडा वाढतो. आईला ते का दिलंय हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा.

पायवाट
धागा वर काढतोय, दीड महिन्याने. उशीर झाला त्याबद्दल माफी.

गवतफूल ताईंचा प्रतिसाद वाचला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्सूल घातली, एकदाच बटण दाबलं, तोंड बाजूला करून श्वास सोडला आणि जीव लावून ओढलं. तो भुर्रर्र आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. ३ आठवडे रोज ते यंत्र तोंडाला लावत होतो आणि एकदाही तो आवाज आला नव्हता, आणि तो यायला हवा हेच मला माहीत नव्हतं. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, कसला आवाज म्हणून.

मग आठवड्याभरातच डॉक्टरांकडे गेलो, दोन्ही घेऊन दाखवलं. औषध तेच ठेवलं. पंपाला स्पेसर दिला. पंप आता हातात आला की आधी मी बसतो, ओठ शिट्टीसारखे करून चार श्वास सोडतो, मग घेतो, आणि कित्येकदा त्या चार श्वासांतच भागतं. थरथर पुष्कळ कमी. फ्लूची लस घेतली, न्यूमोनियाची पुढच्या खेपेला. पुनर्वसनाचे व्यायामही सुरू केलेत आठवड्यातून दोनदा. तिथे पायाचे व्यायाम जास्त घेतात याचं मला आधी नवल वाटलं, माझं दुखणं तर छातीत, पण पायांना ताकद आली की तेवढ्याच चालण्याला हवा कमी लागते असं त्यांनी सांगितलं.

त्यांनी तो आठ प्रश्नांचा कागद भरून घेतला होता, कॅट म्हणतात, ४० पैकी. जितके जास्त तितका त्रास जास्त. तेव्हा २४ होते, परवा १७. २ गुण कमी झाले तरी ते फरक धरतात म्हणे. जिना अजून एका दमात होत नाही, मध्ये थांबतो. पण परवा आंघोळ करून अंग पुसून कपडे घालून बाहेर आलो आणि खुर्चीत बसल्यावर लक्षात आलं की पलंगाच्या कडेला बसायचं राहूनच गेलं. बायकोला सांगितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

एक पथ्य मात्र लिहून ठेवतोय, डॉक्टरांनी बजावलेलं: दम नेहमीपेक्षा वाढला, बेडका वाढला, त्याचा रंग पिवळा हिरवा झाला तर दोन दिवस बघू असं करायचं नाही, त्याच दिवशी कळवायचं. असा एकेक अटॅक फुप्फुसाचा तुकडा घेऊन जातो.

निळाई
दादा, तुमचं ते आंघोळीचं वाचून मलाही भरून आलं.

इन्हेलरबद्दल वाचताना कळलेली एक गोष्ट सांगते. दाबायचा पंप १९५६ मध्ये बाजारात आला. त्याआधी काचेचा फुगीर डबा आणि रबरी फुगा पिळून औषध ओढायचे, ते फुटायचं, प्रवासात नेता यायचं नाही. औषध कंपनीच्या प्रमुखाच्या मुलीला दमा होता, तिने वडिलांना विचारलं की केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखं माझं औषध डब्यात का नाही मिळत. त्या प्रश्नातून हा पंप निघाला. मी पंप हातात घेते तेव्हा मला त्या मुलीची आठवण येते.

रातकिडा
पीएफटी केली. भागाकार ०.७२, म्हणजे काठावर, डॉक्टर म्हणाले आत्ताच सोडा. पॅच लावून आज अकरावा दिवस.

दूरचा_दिवा
अकरावा! रोज इथे येऊन आकडा लिहीत जा. मी वाट बघेन.

पायवाट
रातकिडा, मीही बघेन. पहिला महिना अवघड, त्यातही जेवणानंतरचा वेळ. तेव्हा उठून चालायला लागा.

गवतफूल ताई, एक राहिलं. स्पेसर धुतल्यावर कपड्याने पुसला तर चालतो का? कुणी म्हणतं चालतो, कुणी नको म्हणतं.

गवतफूल
पुसू नका काका. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि तसाच निथळत ठेवा. पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज येते आणि औषध भिंतीलाच चिकटून बसतं. रात्री धुवा, सकाळपर्यंत वाळतो.

रातकिडा
१२.